तोंड न लावलेलं पाणी

"तुमी दिलेलं पाणी बी प्याली न्हाई आमची पोरगी," गुरम्मा म्हणाली, आणि ते तिने अशा कौतुकाने सांगितलं की मलाही कौतुक वाटायलाच हवं होतं. गाडीने चाकूर नुकतंच मागे टाकलं होतं. तिघींच्या बाकावर खिडकीशी महादेवी, मध्ये तिची आजी गुरम्मा, आणि कडेला मी, मांडीवर खाकी कागदात बांधलेल्या प्रबंधाच्या चार प्रती घेऊन. महादेवी सातवीतली. दीड महिन्यापूर्वी मी लातूरच्या एका कन्याशाळेत प्रयोग केला होता, त्यात तिचा क्रमांक अकरा होता. स्टँडवर तिने ओळखून नमस्कार केला, म्हणून आम्ही एका बाकावर बसलो. नाहीतर मी पुढे बसले असते आणि दुपारपर्यंत माझा प्रबंध सहीशिक्क्यानिशी पुरा झाला असता. "कोणतं पाणी?" मी विचारलं. कोणतं ते मला कळलं होतं. "आवो ते, फागुनात तुमी सकाळी सकाळी पोरींची परीक्षा घ्यायच्या न्हाई का? पेलाभर पाणी द्यायच्या. आता आमच्यात पूजेबिगर पाणी चालत न्हाई. पूजा आंघोळीबिगर न्हाई. अन् आंघोळ टँकर आल्याबिगर कुठली? लई कडक हाय माझं. पोरगी तहानेली राहिली, पण नेम मोडला न्हाई." तिने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला. नात खिडकीबाहेर बघत राहिली. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी तिने मुठीत धरली होती.

माझा प्रयोग तसा साधा होता. एकाच इयत्तेच्या चाळीस मुली, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाला चाचणीच्या आधी पेलाभर पाणी, दुसऱ्याला नाही. मग अक्षरांनी भरलेलं एक पान द्यायचं आणि तीन मिनिटांत त्यातले सगळे 'क' खोडायला सांगायचे. खोडलेले 'क' मोजायचे. पाणी हा स्वतंत्र चल, म्हणजे जो आपण आपल्या हाताने बदलतो तो. खोडलेले 'क' म्हणजे अवधान, तो त्याच्यावर अवलंबून असलेला चल. आणि बाकी जगातलं जे जे काही मध्ये लुडबुडू शकतं, ते सगळं बांधून ठेवायचं. मी बांधलं होतं. वय बांधलं, बुद्ध्यांक बांधला, खोली तीच, उजेड तोच, शाई त्याच दुकानाची. सकाळी साडेसातची वेळ तर मी मोठ्या हुशारीने निवडली होती: नवा जिल्हा झाल्यापासून त्या भागात टँकर नेमका अकराला येई, तेव्हा साडेसातला सगळ्याच मुली सारख्या तहानलेल्या असणार. प्रबंधाच्या एकेचाळिसाव्या पानावर एक ओळ होती: 'सर्व प्रयुक्त एकाच सामाजिक-धार्मिक पार्श्वभूमीचे असल्याने हा चल नियंत्रित आहे.' प्रयुक्त म्हणजे या मुली. ती ओळ लिहिताना मला बरं वाटलं होतं. व्यापाऱ्यांची गल्ली, बहुतेक पोरी लिंगायतांच्या, मीही लिंगायताचीच. म्हटलं, हा एक त्रास तरी वाचला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. सगळ्या सारख्या म्हणून मी ज्याच्याकडे बघितलं नाही, त्यानेच माझ्या प्रयोगाचा गळा धरला होता, आणि धरून दीड महिना झाला होता.

"महादेवी," मी शक्य तितक्या हळू विचारलं, "मग पेल्यातलं पाणी काय केलंस गं?" ती आजीकडे बघून म्हणाली, "माठात वतलं परत. तोंड लावलं नव्हतं, बाई." "रोज?" "पाची दिवस." "आणि बाकीच्या?" आजीने ढोसलं, "सांग की. बाई काय मारायल्यात का?" "आमी पंधराजणी होतो नेमाच्या. आमी वतलं मग बाकीच्यांनी बी वतलं." ती घाईघाईने बोलू लागली, जणू एकदाचं संपवायचं होतं. "तुमी 'प्या' म्हणल्या, म्हून न्हाई म्हणता आलं न्हाई. अन् तुमी पाठ करून हुब्या राहायच्या." मी पाठ करून उभी राहत होते, हे खरं. प्रयोगकर्त्याच्या चेहऱ्यावरचे भाव बघून मुलं बदलतात, म्हणून पाणी देऊन झालं की मी फळ्याकडे तोंड करून घड्याळात दोन मिनिटं मोजत असे. ती दोन मिनिटं माझ्या काटेकोरपणाची साक्ष म्हणून प्रबंधात नोंदलेली आहेत. मागे पेल्यांचा आवाज येई, पाण्याचा येई, मुलींचं दाबलेलं हसू येई. तिसऱ्या दिवशी शाळेची शिपाईबाई गुणाबाई म्हणाली होती, "बाई, तुमचा माठ काय रिकामा व्हईना बघा. परवा भरलाय तो हायेच." मी हसून म्हटलं होतं, "तुमच्या हाताला बरकत आहे, गुणाबाई." असं मी म्हटलं होतं. एम.ए.ला पहिली आलेली बाई, दुष्काळात माठ आटत नाही हे ऐकते आणि त्यावर विनोद करते!

पण मग आकडे? पाण्याच्या गटाने सरासरी एकोणचाळीस 'क' खोडले होते, बिनपाण्याच्या गटाने एकतीस. हा फरक काही योगायोगाने पडणारा नव्हता. मी तो चार रीतींनी तपासला होता. कुणी थेंबभर प्यायलं नव्हतं, तर आठ 'क' आले कुठून? "पेपर सोडवताना कसं वाटायचं?" मी विचारलं. महादेवीने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "लई हुरूप यायचा, बाई." "मला फसवलं म्हणून?" "न्हाई," ती म्हणाली, "देवाला फसवलं न्हाई म्हून." गुरम्मा तृप्त हसली आणि तिने पदराच्या गाठीतून काढलेल्या खारकेचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि चावायचं विसरले.

पाणी हा विषय मी का निवडला, असं तोंडी परीक्षेत विचारतील म्हणून मी उत्तर पाठ केलं होतं: मराठवाड्यातील अवर्षणप्रवण परिस्थिती वगैरे. खरं कारण चौदा वर्षं जुनं होतं आणि ते कुठल्याही पानावर नव्हतं. बहात्तर साली मी तेरा वर्षांची होते. आम्ही कंधारला राहायचो, आप्पांचं भुसाराचं छोटं दुकान होतं. घरात सगळं आटलं तरी देवळीत एक तांब्या झाकलेला असे, तो आप्पांच्या पूजेचा. आप्पाही गुरम्मासारखेच, लिंगाला पाणी घातल्याशिवाय स्वतःच्या घशाखाली घोट जाऊ द्यायचे नाहीत. वैशाखातली एक पहाट, अजून उजाडायचं होतं. माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी उठले, देवळीतला तांब्या काढला आणि सगळा पिऊन टाकला. घोटभर घेणार होते. पण पाणी एकदा लागल्यावर हात थांबेना. कसं गार होतं ते, अजून घशात आठवतं. मग तांब्या होता तसा झाकून ठेवला आणि पांघरुणात शिरले. थोड्या वेळाने आईचा आवाज आला, "अगं बाई, मांजरीनं पाणी सांडलं वाटतं." मग आप्पा काहीतरी बोलले, मग दार वाजलं, मग ते गेले. दुपारी दोन वाजता त्यांना लोह्याच्या रस्त्यावरून बैलगाडीत घालून आणलं, जीव वाटेतच गेला होता. ऊन लागलं, सगळे म्हणाले. ऊन सगळ्यांनाच लागत होतं. ऊन बांधलेलं होतं, रस्ता तोच होता, माणूस तोच होता. बदललेली गोष्ट एकच होती आणि ती माझ्या हाताने बदलली होती. पुढे कॉलेजात पहिल्या तासाला 'स्वतंत्र चल' ही व्याख्या फळ्यावर बघितली तेव्हा वर्गात सगळ्यांच्या देखत मला घेरी आली. मैत्रिणींना वाटलं, उपाशी आहे. त्या आठवड्यात मी गळ्यातलं लिंग काढून ट्रंकेत ठेवलं.

प्रबंधात माझं गृहीतक होतं, पाण्यामुळे अवधान वाढेल. मनात उलट होतं: वाढू नये. पेलाभर पाण्याने माणसाचं काही बनत नाही आणि बिघडत नाही, एवढं आकड्यांनी एकदा म्हणावं आणि मला सोडावं. आकड्यांनी तसं म्हटलं नाही. बेरजा झाल्या त्या संध्याकाळी मी लातूरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत फरशीवर बसून राहिले होते. पेलाभर पाण्याने फरक पडतो. म्हणजे तांब्याभर पाण्याने किती पडत असेल? मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, एक ताठाही आला: बघा, मी माझ्याविरुद्ध पुरावा गोळा केला आणि लपवला नाही. शिवाय त्याच पुराव्यावर माझी नोकरी पक्की होणार होती. मी शिकवत होते त्या कॉलेजने सांगून ठेवलं होतं, तीस एप्रिलपर्यंत एम.फिल.चा प्रबंध दाखल झाला तर जागा तुमची, नाहीतर जूनपासून दुसरी व्यवस्था. आज अठ्ठावीस होती.

अहमदपूरला आजी-नात उतरल्या. गुरम्माने खिडकीशी येऊन पुन्हा सांगितलं, "पोरीला शाबासकी द्या बाई एकदा, शाळंत सगळ्यांम्होरं." मी मान हलवली. गाडी अर्धा तास थांबणार होती. समोरच लातूरला परत जाणारी गाडी उभी होती, तिचा वाहक दारात उभा राहून ओरडत होता, आणि माझ्या डोक्यात एक वेगळीच भीती शिरली. मी या म्हातारीवर इतक्या पटकन विश्वास का ठेवला? शंभर माणसं शंभर गोष्टी सांगतात. ही सांगते की पाणी कुणी प्यायलंच नाही, म्हणजे पाण्याने काही सिद्ध होत नाही, म्हणजे तांब्यानेही नाही. आणि मी चौदा वर्षं नेमकं हेच ऐकायला टपून बसले आहे. मी वय बांधलं, उजेड बांधला, शाई बांधली. माझं हे टपून बसणं कुणी बांधलं होतं? उद्या पोरगी म्हणाली असती की सगळ्या घटाघटा प्यायल्या, तर मी इतक्याच पटकन विश्वास ठेवला असता का? मी स्वतःची उलटतपासणी घेत राहिले, आणि प्रत्येक वेळी शेवटी तो माठ समोर येई. माठाला आजी नव्हती, नेम नव्हता, माझ्या आप्पांशी त्याचं काही नातं नव्हतं. तो फक्त भरलेला होता. समोरची लातूरची गाडी गेली. मी नांदेडच्या गाडीतच बसून राहिले, पण मांडीवरचं ओझं आता शेजारी ठेवलं.

बिलोलीकर सर माझे मार्गदर्शक. भला माणूस, आवाज कधी चढत नाही, चुका लाल शाईने नव्हे तर पेन्सिलीने दाखवतात. नांदेडला त्यांच्या घरी मी पोचले तेव्हा ते पेन उघडून, टेबल आवरून वाटच बघत होते. उद्या त्यांना औरंगाबादला जायचं होतं आणि माझ्या प्रती तेच विद्यापीठात देणार होते. त्यांच्या पत्नीने पाण्याचा पेला आणून ठेवला. नांदेडला गोदावरी आहे, पेला काठोकाठ भरलेला होता. मी बसले आणि सगळं सांगितलं, एका दमात, आप्पांचं सोडून. सरांनी चष्मा काढून पुसला. "किती मुली?" "वीसच्या वीस असाव्यात." "असाव्यात," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही बघितलं नाही." "मी पाठ करून उभी होते, सर." मग त्यांचा चेहरा उजळला. मला तो उजळलेला चेहरा अजून दिसतो, कारण त्यात लबाडी अजिबात नव्हती. "अहो शिवकन्याबाई, एवढ्यासाठी तोंड कशाला उतरवता? पाणी त्या प्यायल्या की नाही हा त्यांचा प्रश्न. तुम्ही दिलं की नाही? दिलं. मग स्वतंत्र चल 'पाणी पिणे' असा लिहिलाय तिथे 'पाणी देणे' करा. शीर्षक आणि चार-पाच पानं. टायपिस्ट खालच्या आळीत आहे, बाइंडरही ओळखीचा आहे, रात्रीपर्यंत होतंय. आकडे तेच, फरक तोच. उलट निष्कर्ष जास्त रंजक होतो."

मी पाचवं प्रकरण आठवून पाहिलं. त्यात मी रक्तातल्या पाण्याबद्दल, मेंदूबद्दल, तहानेच्या शरीरशास्त्राबद्दल अकरा पानं लिहिली होती. ती काढावी लागतील, बाकी खरंच सगळं बसत होतं. सर म्हणत होते त्यात खोटं असं काहीच नव्हतं. मी पाणी दिलंच होतं. नोकरी राहणार होती, खोली राहणार होती, दर महिन्याला आईला जाते ती मनिऑर्डर राहणार होती. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, आणि कानात पांघरुणातून ऐकलेलं वाक्य आलं: मांजरीनं पाणी सांडलं वाटतं. त्यातही तसं फार खोटं नव्हतं. तांब्या रिकामा होता, एरवी घरात मांजर येत असे. कारण गैरसोयीचं होतं, त्याच्या जागी सोयीचं ठेवलं, एवढंच. त्या एका सोयीच्या शब्दात मी चौदा वर्षं राहत होते. "सर, सही नको," मी म्हटलं. "मुलींना पुन्हा विचारायला हवं. एकेकीला. समोर तोंड करून." "परवा तीस तारीख आहे." "हो." "नोकरीचं काय कराल?" "माहीत नाही." हे शब्द मी वर्गात, घरात, प्रबंधात कधी वापरले नव्हते, तोंडातून निघाले तेव्हा मलाच परके वाटले. "एका म्हातारीच्या बोलण्यावर?" सर दुखावल्यासारखे म्हणाले. "म्हातारीच्या नाही, सर. माठाच्या." त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि सावकाश जा म्हणाले. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं, पेल्याला मी तोंडही लावलं नव्हतं.

लातूरची गाडी लागली होती. मी कंधारच्या गाडीत बसले.

आई ओसरीवर चिंच फोडत होती. दिवस कलला होता, पण दगडी पायऱ्या अजून भाजत होत्या. मी आधी न कळवता आले तर ती घाबरते, आज घाबरली नाही, खाकी गठ्ठ्याकडे बघून म्हणाली, "झालं का तुझं पुस्तक?" मी गठ्ठा खाली ठेवला. वाटभर जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आलं नाही. "आई, मांजर नव्हती," मी म्हटलं. कुठली मांजर, असं तिने विचारलं नाही. चौदा वर्षांनी विचारलं नाही. हातातली चिंच फोडून तिने चिंचोके बाजूला केले. "हाव," ती म्हणाली. "त्या साली मांजर कुठली? मांजरंबी गाव सोडून गेल्ती." मी पायरीवर बसले. "तुला माहीत होतं?" "तुझी हनुवटी वली होती. त्यास्नीबी दिसली. मी आपली मांजर म्हणले, तर हसले. म्हणले, लेकरानं पेलं ते लिंगाला पोचलं. झोपू दे तिला." आप्पा हसले होते. मी पांघरुणात होते आणि त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं नव्हतं, कारण मी कानांवर हात ठेवले होते. "आणि तसेच गेले," मी म्हटलं, "घोटभर न पिता. म्हणून तर ऊन लागलं." आईचे हात थांबले. "कोण म्हणलं तुला? शेजारच्या संगप्पाकडून तांब्या आणला म्या. पूजा झाली म्हणले आन सगळा पेले, हितंच हुबा राहून. मग गेले. ऊन लागलं ते लागलंच. ऊन लागलं, ऊन लागलं म्हणून तर सांगून राहिले मी इतकी वर्षं, तू ऐकतीस कुठं?"

संगप्पा जाऊन दहा वर्षं झाली. तो तांब्या दुसऱ्या कुणी बघितलेला नाही. आई माझी आहे, मला तिने एकदा मांजर दिलेलीच आहे. पोरीचं तोंड उतरलेलं बघून ती आणखी एक देऊ शकते. आणि खरं असेल तर? तर माझं सगळं शिक्षण, ट्रंकेतलं लिंग, चाळीस पोरींची तहान, हे सगळं मी एका न विचारलेल्या प्रश्नावर रचलं होतं. कुठल्याही चाचणीने आता हे ठरणार नव्हतं. मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. "सांगितलं का नाहीस मला कधी?" मी ओरडले, बाजूच्या घरातून कुणी डोकावलं इतक्या जोरात. आईने चिंचेचा ढीग बाजूला सारला. तिलाही राग आला होता, किंवा तिलाही रडू आलं होतं, मला सांगता येत नाही. "तू कधी इचारलंस?" ती म्हणाली.

मग ती उठून आत गेली आणि देवळीतला तांब्या घेऊन आली. तोच असेल किंवा नसेल, पितळी होता. तिने तो माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. "सकाळपून काय पेलेली दिसंनास. पी." मी तांब्या तोंडाला लावला. पाणी कोमट होतं आणि त्याला आईच्या हातातल्या चिंचेचा वास होता. ती समोर उभी राहून बघत होती, आणि मी तिच्याकडे बघत बघत ते सगळं पाणी प्याले.